पोलादावरील नक्षी आणि तिची साक्ष

शस्त्रांचा संग्रह हा श्रीमंतांचा शौक, आणि त्यांतही नक्षीदार रिव्हॉल्व्हरांचा संग्रह म्हणजे शौकावर चढविलेला शौक, असें पुष्कळांस वाटतें. आम्हांसही प्रथम तसेंच वाटत असे. ज्या वस्तूचें काम माणसाचा प्राण घेणें, तिच्यावर वेलबुट्टी कोरून ती मखमलीच्या पेटींत मांडावी, यांत इतिहासाच्या अभ्यासकानें लक्ष घालावें असें काय आहे? परंतु या संग्राहकांचें लिखाण जसजसें वाचनांत आलें, तसतशी आमची समजूत पालटली. जुनी सनद हातीं आली असतां आपण जे प्रश्न विचारतों, म्हणजे अक्षर कोणाचें, शिक्का कोणाचा, कागद त्या काळचा कीं मागाहून केलेला, तो कोणाच्या दप्तरांतून निघाला, तेच प्रश्न हे लोक पोलादाच्या एका तुकड्यास विचारीत असतात. त्यांचीं उत्तरें कशीं मिळतात व कोठें मिळत नाहींत, हें अमेरिकेंतील कोल्टच्या रिव्हॉल्व्हरांच्या उदाहरणानें येथें पाहूं.

सॅम्युएल कोल्ट हा कनेक्टिकट संस्थानांतील हार्टफर्ड येथें १८१४ सालीं जन्मला. गोळ्यांचें फिरतें चक्र असलेल्या पिस्तुलाचें अमेरिकन पेटंट त्यास १८३६ सालीं मिळालें. न्यू जर्सींतील पॅटर्सन येथें काढलेला त्याचा पहिला कारखाना १८४२ सालीं बुडाला. पुढें मेक्सिकोशीं युद्ध जुंपलें, तेव्हां कॅप्टन सॅम्युएल वॉकर याच्या सूचनांवरून सुधारलेल्या एक हजार पिस्तुलांची मागणी सरकारकडून आली आणि कोल्टचें दैव फिरलें. १८५५ सालीं हार्टफर्ड येथें त्याचा मोठा कारखाना उभा राहिला, आणि १८६२ सालीं तो वारला तेव्हां अमेरिकेंतील अत्यंत धनाढ्य पुरुषांत त्याची गणना होत होती. यंत्रावर घडविलेलीं हीं पिस्तुलें जवळजवळ एकासारखीं एक असत. त्यांस वेगळेपण देणाऱ्या गोष्टी मुख्यतः दोन : निरनिराळ्या भागांवर ठोकलेला अनुक्रमांक आणि अंगावरील नक्षी.

ही नक्षी दोन प्रकारची. पहिली यंत्राची. बँकेच्या नोटांचे ठसे कोरणारा वॉटरमन ऑर्म्सबी हा न्यूयॉर्कचा कारागीर. त्यानें कोरलेल्या ठशाचा पोलादी रूळ चक्रावर दाबून फिरविला कीं सबंध देखावा त्यावर उमटे. १८५१ च्या ‘नेव्ही’ नमुन्यावर टेक्सासच्या आरमाराची कँपेचीची लढाई, १६ मे १८४३ या तारखेसह, उमटविलेली असे. आणि एकट्या हार्टफर्डच्या कारखान्यांतून या नमुन्याचीं दोन लाखांहून अधिक पिस्तुलें बाहेर पडलीं. वॉकर नमुन्यावर टेक्सासचे रेंजर घोडेस्वार कोमँची लोकांवर तुटून पडले आहेत, असा देखावा आहे. देखावा सुबक आहे यांत शंका नाहीं. परंतु ही साक्ष एकाच पक्षाची आहे. ज्यांचा मुलूख गेला त्यांची बाजू यांपैकीं कोणत्याही चक्रावर उमटलेली नाहीं. जेत्यानें आपल्याच हत्यारावर लिहून ठेवलेली ही बखर होय, आणि ती बखरीसारखीच सावधपणें वाचली पाहिजे. काय घडलें यापेक्षां, काय घडलें असें लोकांनीं मानावें अशी इच्छा होती, हेंच तिच्यावरून अधिक निश्चित कळतें.

दुसरी नक्षी हाताची. ही कला अमेरिकेंत वाढविली ती बहुतांशीं जर्मनीकडून आलेल्या कारागिरांनीं. त्यांचा अग्रणी गुस्ताव यंग हा मूळचा प्रशियाचा. त्यानें हार्टफर्ड येथें अनेक वर्षें कोल्टचें काम केलें आणि १८६९ सालीं तो स्प्रिंगफील्डच्या स्मिथ अँड वेसन यांजकडे गेला. १८५३ च्या सुमारास घडविलेलीं, सोनें बसविलेलीं दोन ‘ड्रॅगून’ पिस्तुलें त्याच्या हातचीं मानतात. त्यांचे क्रमांक १२४०६ आणि १२४०७. पहिलें तुर्कस्तानचा सुलतान अब्दुलमजीद याच्या नजराण्याचें. तें आज न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयांत आहे. दुसरें कोल्टनें रशियाचा झार पहिला निकोलस यास अर्पण केलें. तें सेंट पीटर्सबर्गच्या हर्मिटाज संग्रहालयांत आहे. या दोन दरबारांत १८५३ सालींच युद्ध पेटलें होतें. सुलतानाच्या पिस्तुलावर चेहरा कोरला आहे तो जॉर्ज वॉशिंग्टनचा, राजसत्ता झुगारून देणाऱ्या राष्ट्राच्या पहिल्या अध्यक्षाचा! व्यापाऱ्याच्या दृष्टीला शत्रु आणि मित्र हा भेद कसा उरत नाहीं, हें सांगावयास कोणत्याही राजकीय खलित्याची गरज नाहीं. ते दोन लागोपाठचे आंकडे पुरेसे आहेत.

असें मूळ शोधून काढण्याचीं साधनें कोणतीं? पहिलें साधन कारखान्याच्या जावक वह्या. कोणत्या क्रमांकाचें पिस्तूल कोणत्या दिवशीं, कोणत्या व्यापाऱ्याकडे रवाना झालें, नळीची लांबी किती, मूठ कशाची, नक्षी होती कीं नव्हती, हें त्यांत नोंदलेलें असे. परंतु फेब्रुवारी १८६४ मध्यें हार्टफर्डच्या कारखान्यास मोठी आग लागली, आणि त्यापूर्वींच्या कागदपत्रांपैकीं पुष्कळसे नष्ट झाले. ज्यांचें दप्तर जळालें त्यांचें कुळ सांगणें किती कठीण, हें आपल्याकडील संशोधकांस नव्यानें सांगावयास नको.

दुसरें साधन मोठें विलक्षण आहे. एल. डी. निम्श्के नांवाचा जर्मन वंशाचा कारागीर न्यूयॉर्क येथें काम करीत असे. आपण कोरलेल्या नक्षीचे ठसे कागदावर उमटवून घ्यावे आणि ते वहींत डकवून ठेवावे, अशी त्यास संवय होती. ही वही १९६५ सालीं छापून प्रसिद्ध झाली. तोंपर्यंत ज्यांचा कर्ता अज्ञात होता अशा अनेक शस्त्रांस तिच्यामुळें कर्ता लाभला. पुढें राष्ट्राध्यक्ष झालेला थिओडोर रूझवेल्ट तरुणपणीं डकोटांत गुरांचा धंदा करीत असे. त्या दिवसांतील त्याचें हस्तिदंती मुठीचें कोल्ट निम्श्केनेंच कोरलेलें आहे. कारागिरानें ही वही बहुधा आपल्याच धंद्याच्या सोयीसाठीं ठेविली असेल. पण उत्तम साधनें बहुधा अशींच निर्माण होतात. इतिहासासाठीं म्हणून लिहिलेल्या कागदापेक्षां हिशेबासाठीं लिहिलेला कागद अधिक खरें बोलतो.

जेथें किंमत चढते तेथें बनावट आलीच. साधें जुनें पिस्तूल घ्यावें, त्यावर आज वेलबुट्टी कोरावी आणि थोर कारागिराचें म्हणून विकावें, हा उद्योग जुना आहे. जाणता परीक्षक अशा वेळीं भिंगाखालीं रेषा पाहतो. अस्सल नक्षी शेवटचें पाणी देण्यापूर्वीं कोरलेली असते, म्हणून तें पाणी रेषेच्या तळापर्यंत उतरलेलें दिसतें. आणि वापरानें भोंवतालचा पृष्ठभाग झिजला असेल तर रेषेच्या कडाही त्याबरोबर झिजलेल्या असतात. झिजलेल्या, गंज खाल्लेल्या अंगावर धारदार कडांची रेष दिसली कीं संशयास जागा झाली. बनावट ताम्रपटांत राजाच्या काळाला न शोभणारें अक्षर जसें लबाडी उघड करतें, तसाच हा प्रकार. वाईट एवढेंच कीं, बनावट सनद खऱ्या सनदेस धक्का लावीत नाहीं, पण येथें खोटी नक्षी कोरतांना त्या पिस्तुलाचा खरा, साधासुधा इतिहास कायमचा खरवडला जातो.

साधेपणाचीही किंमत असते, याचें एक उदाहरण सांगून आम्ही हा लेख पुरा करतों. ‘मेन’ ही अमेरिकन युद्धनौका १५ फेब्रुवारी १८९८ रोजीं हव्हानाच्या बंदरांत बुडाली. तिच्यांतून वर काढलेलें एक कोल्ट रूझवेल्टला त्याच्या मेव्हण्यानें दिलें, आणि त्याच वर्षीं १ जुलैच्या सान हुआनच्या लढाईंत तें रूझवेल्टजवळ होतें. त्यावर वेलबुट्टी नाहीं, सोनें नाहीं. हीच हकीकत मागाहून दोन ओळींत कोरलेली आहे. १९९० सालीं तें त्याच्या सॅगमोर हिल येथील घरांतून चोरीस गेलें आणि २००६ सालीं परत आलें. जें कोरीव काम त्याची किंमत वाढवीत होतें, तेंच त्याची ओळखही पटवीत होतें; तें घासून टाकावें तर मागें एक सामान्य जुनें हत्यार उरणार होतें.

तेव्हां संग्राहकाचें पहिलें कर्तव्य वस्तु मिळविणें हें नव्हे. धातु काय सांगतो, वही काय सांगते आणि लोक काय सांगतात, या तिन्ही साक्षी निरनिराळ्या लिहून ठेवणें आणि त्यांची सरमिसळ होऊं न देणें, हें त्याचें कर्तव्य होय. वस्तु विकली जाते, वारसांत वांटली जाते, परदेशीं जाते. तिच्याबरोबर तो कागदही गेला, तर ती इतिहासाचें साधन राहते. कागद मागें राहिला, तर पुढील धन्याच्या हातीं उरतें तें केवळ सुंदर पोलाद.