पाळत

‘पाळत’ हा शब्द ‘पाळणे’ या क्रियापदातून आला. त्याच्या मुळाशी आहे संस्कृत ‘पाल्’, म्हणजे राखणे, सांभाळणे. ‘गोपाळ’ही त्याच घरातला. गुराखी गुरांवर नजर ठेवतो ती वाघ येऊ नये म्हणून. ‘पाळत ठेवणे’ म्हणताना नजर तेवढी उरते, माया निघून जाते.

उत्तर प्रदेशातल्या खरकसिंगला दरोड्याच्या प्रकरणात पुराव्याअभावी सोडलं, तरी पोलीस रात्री-अपरात्री येऊन दार ठोठावत, ओरडून त्याला झोपेतून उठवत. १९६२ साली सर्वोच्च न्यायालयाने या रात्रीच्या फेऱ्या घटनाबाह्य ठरवल्या. पण खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे, हे निःसंदिग्धपणे मान्य व्हायला २०१७ उजाडलं.

मार्च १९९१ मध्ये राजीव गांधींच्या घराबाहेर हरियाणाचे दोन पोलीस सापडले, तेव्हा त्यावरून चंद्रशेखर सरकार गेलं. नेत्याच्या दारातली पाळत सरकार घालवते, खरकसिंगच्या दारातली वर्षानुवर्षं चालते. मला चीड येते ती याची. फोनवरच्या पाळतीचंही तसंच: पक्षांनी विरोधात असताना फोन चोरून ऐकल्याबद्दल आकांडतांडव करायचं आणि खुर्ची मिळाली की तोच अधिकार जपायचा! १८८५ च्या तार कायद्यातला तो अधिकार २०२३ च्या दूरसंचार कायद्यातही शाबूत आहे. फोन ऐकायची परवानगी आजही गृहखात्याचा सचिव देतो, न्यायाधीश नव्हे.