गिरणीची वास्तू आणि कृष्णधवल छायाचित्राची साक्ष

करवीर तालुक्यातील उचगाव आज कोल्हापूर शहरास जवळजवळ भिडले आहे. या परिसराच्या औद्योगिक इतिहासाचे दोन टप्पे ठळक आहेत : 1891 मध्ये सुरू झालेला कोल्हापूर-मिरज लोहमार्ग आणि 1906 मध्ये राजर्षी शाहू महाराजांनी स्थापिलेली शाहू छत्रपती गिरणी. ही गिरणी 2003 मध्ये बंद पडली. यंत्रे थांबली, की वास्तू हेच मुख्य साधन उरते. आणि वास्तूही जीर्ण होऊ लागली, की तिचे छायाचित्र.

अशा छायाचित्रणाची शिस्त बर्न्ड व हिला बेखर या जर्मन दांपत्याने 1959 पासून घालून दिली. ढगाळ आकाश, समोरील दृष्टिकोन, कृष्णधवल पट्टी. छाया व रंग यांचे आकर्षण वगळल्यामुळे रचना तेवढी उरते. धुराड्याची उंची शोभेसाठी नव्हे, तर तप्त वायू वर चढून भट्टीत हवा ओढली जावी म्हणून असते. करवतदाती छप्पर उत्तरेचा स्थिर उजेड मागावर आणते. चित्रातून वाफेच्या शक्तीचा काळ असा वाचता येतो.

परंतु या शिस्तीस एक उणीव आहे. तिच्या चौकटीत माणूस बहुधा नसतो. कोल्हापूरच्या कृष्णधवल परंपरेने मात्र उलट वाट धरली होती. बाबुराव पेंटर यांच्या ‘सावकारी पाश’ (1925) या मूकपटात जमीन गमावलेला शेतकरी शहरात येऊन गिरणी कामगार होतो. गिरणीच्या भिंतीमागे कोणते गाव उभे आहे, हे तेथे दिसते. निव्वळ वास्तुचित्रात ते दिसत नाही.

म्हणून संशोधकाने छायाचित्रास स्वयंसिद्ध पुरावा मानू नये. रंग गेल्यामुळे जुनी भिंत व नवी डागडुजी यांतील भेद पुष्कळदा पुसला जातो. प्रत्येक चित्राबरोबर दिनांक, स्थान, दिशा व मोजपट्टी नोंदवावी. हजेरीपट व कामगारांच्या तोंडी साक्षी त्याशेजारी ठेवाव्यात. मुंबईत 1982 च्या संपानंतर आणि 1991 च्या विकास नियंत्रण नियमावलीनंतर अनेक गिरण्यांच्या जागी मनोरे उठले. तेथे ही जोडणी करण्याची वेळ बरीचशी निघून गेली आहे. कोल्हापुरात ती अद्याप आहे, आणि पंचक्रोशीतील गावांपासूनच तिचा आरंभ व्हावयास हवा.