घेणारा एक, वापरणारी दुसरी

वाफेच्या दाबावर अन्न शिजविणारे भांडे प्रथम तयार केले ते डेनिस पापिन या फ्रेंच संशोधकाने, लंडनमध्ये १६७९ साली. १६८२ मध्ये रॉयल सोसायटीच्या सभासदांना त्याने या भांड्यात शिजविलेले जेवणही घातले. हाडेसुद्धा त्यात मऊ होत असत. परंतु आपल्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट निराळी आहे. कोंडलेली वाफ भांडे फोडू शकते हे ओळखून पापिनने त्याला वजनाने दाबून धरलेली एक झडप बसविली होती. म्हणजे धोका आणि त्यावरचा इलाज, दोन्ही जवळजवळ जुळेच जन्मास आले. झडप सदोष निघाली आणि कोणी भाजले, तर जाब कोणाला आणि कोणी विचारावयाचा, हा प्रश्न सुटावयास मात्र तीन शतके लागली.

आपल्याकडे या बाबतीत दीर्घकाळ आधार होता तो १९३० च्या वस्तुविक्री कायद्याचा. घेणाऱ्याने पारखून घ्यावे, हे त्यातील मूळ सूत्र. मडके वाजवून घ्यावे असे आपल्या घरांतून सांगतातच. तथापि मडक्याची चीर आवाजावरून कळते. स्टोव्हच्या टाकीचा कच्चा सांधा कशावरून कळावा? विक्रेत्याच्या जाणतेपणावर विसंबून घेतलेली वस्तू त्या कामास योग्य असलीच पाहिजे, असा अपवाद कायद्याच्या १६ व्या कलमाने केला होता, हे खरे. पण हा सारा मामला दोघांमधील कराराचा. नुकसानभरपाई मागण्याचा अधिकार विकत घेणाऱ्याला. घरात स्टोव्ह आणणारे बहुधा यजमान असत, आणि त्यापुढे बसणारी त्यांची पत्नी, सून किंवा स्वयंपाकीण. करारात तिचे नाव कोठेच नव्हते.

ही अडचण एकट्या आपली नव्हती. स्कॉटलंडमधील पेस्ली गावी १९२८ च्या ऑगस्टमध्ये एका बाईला तिच्या मैत्रिणीने जिंजर बिअर पाजली. बाटलीत कुजलेली गोगलगाय निघाली, अशी तिची तक्रार होती. पैसे मैत्रिणीने दिलेले. तेव्हा करार हिचा नव्हे. दावा लंडनच्या हाउस ऑफ लॉर्ड्सपर्यंत गेला आणि १९३२ साली तीन विरुद्ध दोन अशा मताने निर्णय झाला की, आपली वस्तू जिच्या हाती जाणार हे उत्पादकाला कळावयास हवे, तिच्याविषयी काळजी घेणे हे त्याचे कर्तव्य आहे. करार असो वा नसो. गोगलगाय खरोखर होती की नाही, हे शेवटपर्यंत सिद्ध करण्याची वेळच आली नाही! हे तत्त्व आपल्या न्यायालयांसही मान्य झाले. परंतु उत्पादकाची हयगय सिद्ध करणे, आणि तीही दिवाणी न्यायालयात, हे सामान्य कुटुंबाच्या आवाक्यातले नव्हते.

इकडे रॉकेलचा स्टोव्ह घरोघर पोहोचला होता. १८९२ च्या सुमारास स्वीडनमध्ये निघालेल्या प्रायमसची ही संतती. पंप मारावा, बर्नर तुंबला की पिन घालावी, निळी ज्योत दिसली की भांडे चढवावे. टाकी निकृष्ट असली वा पंप फाजील मारला गेला, तर भडका. ‘स्टोव्हचा भडका उडून विवाहिता भाजली’ हे वाक्य पंचनाम्यांतून इतके रुळले की ते वाचून कोणी थांबेनासे झाले. त्यातील काही अपघात खरे होते. काही सरळसरळ खून होते, हुंड्यापायी केलेले. एकाच वाक्यात दोन्ही झाकले जात. खुनाची चौकशी होत नसे, कारण दोष स्टोव्हवर. आणि स्टोव्हचीही तपासणी होत नसे, कारण घरातील कोणालाच ती नको असे. सरकारी कागदाच्या या सोयिस्कर भाषेविषयी त्याच व्यवसायातील माणसाने अधिक बोलू नये; पण ती निर्दोष होती असेही मला म्हणवत नाही. १९८६ साली दंडविधानात हुंडाबळीचे स्वतंत्र कलम आले, आणि त्याच वर्षाच्या २४ डिसेंबरला ग्राहक संरक्षण कायद्यास राष्ट्रपतींची संमती मिळाली.

या कायद्यामागे लोकांची खटपट होती. १९६६ साली मुंबईत नऊ स्त्रियांनी कन्झ्यूमर गायडन्स सोसायटी काढली. १९७४ मध्ये पुण्यात बिंदुमाधव जोशी यांनी ग्राहक पंचायतीची चळवळ उभारली. आय. एस. आय. चा शिक्का १९५२ च्या कायद्यान्वये आला होता, पण तो मुळात ऐच्छिक होता. १९८६ च्या कायद्याने ‘ग्राहक’ या शब्दाच्या व्याख्येत, विकत घेणाऱ्याच्या संमतीने वस्तू वापरणारी व्यक्तीही घातली. दिसावयास हा अर्धा ओळीचा मजकूर; पण स्वयंपाकघरातील स्त्री कायद्याच्या दृष्टीस पडली ती त्यात.

हयगय सिद्ध करण्याचे ओझे तरीही उरलेच. ते बव्हंशी उतरविले २०१९ च्या नव्या कायद्याने, जुलै २०२० पासून. वस्तूच्या घडणीत वा आराखड्यात दोष असेल, किंवा पुरेशा सूचना दिल्या नसतील, तर झालेल्या इजेबद्दल उत्पादक जबाबदार. विक्रेत्यालाही काही प्रसंगी हात झटकता येत नाहीत; मात्र वस्तूत फेरफार केला असेल तर त्याच्यावर दावा चालत नाही. रस्त्यावर मिळणारी स्वस्त गॅस्केट वा शिट्टी कुकरला बसविणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे. १ फेब्रुवारी २०२१ पासून घरगुती प्रेशर कुकरवर मानक ब्यूरोचा शिक्का सक्तीचा आहे. तरीही २०२२ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाला एका मोठ्या ऑनलाइन दुकानास, त्याच्यामार्फत विकले गेलेले बिनशिक्क्याचे २,२६५ कुकर परत घ्या, असा आदेश द्यावा लागला. तो वाद पुढे दिल्ली उच्च न्यायालयात गेला.

तक्रार आपण राहतो त्याच जिल्ह्याच्या आयोगाकडे, दोन वर्षांच्या आत करता येते. वकील लागतोच असे नाही. दोष नुसत्या डोळ्यांनी ठरत नसेल तर आयोग वस्तू प्रयोगशाळेकडे पाठवितो. येथेच पुष्कळ तक्रारी ढासळतात. स्फोटानंतर घरातील मंडळी भिंत पुसतात, आणि फुटलेले झाकण भंगारवाल्याकडे जाते, नाही तर पाहणीसाठी आलेला कंपनीचा माणूस ते घेऊन जातो. झाकण, शिट्टी, झडप, गॅस्केट सारे जसेच्या तसे बांधून ठेवावे, छायाचित्रे घ्यावी, रुग्णालयाचे कागद आणि खरेदीचे बिल सांभाळावे. बिल यजमानांच्या नावाचे असले, तरी भाजलेल्या बाईस आपल्या नावाने तक्रार करता येते.