लागिरं झालं जी

‘झी मराठी’ वाहिनीवरील कौटुंबिक मालिका. प्रसारण १ मे २०१७ ते २२ जून २०१९, संध्याकाळी सात वाजता. लेखन तेजपाल वाघ यांचे, तर निर्मिती मूळच्या साताऱ्याच्या अभिनेत्री श्वेता शिंदे यांच्या ‘वज्र प्रॉडक्शन’ची. सैन्यात जाण्याचा ध्यास घेतलेला तरुण, त्याचे प्रेम आणि त्या प्रेमाच्या आड येणारी घरची व गावची माणसे हा तिचा विषय. फौजीच्या आयुष्याला रोजच्या मालिकेचा मध्यवर्ती विषय करणारी ही मराठी मालिका लोकप्रिय ठरली.

कथानक व पात्रे : कथा सातारा जिल्ह्यातील चांदवडी या गावात घडते. आजोळी वाढलेला अजिंक्य शिंदे ऊर्फ अज्या (नितीश चव्हाण) फौजेत भरती होण्यासाठी धडपडतो आणि गावातल्याच शीतल पवारच्या (शिवानी बावकर) प्रेमात पडतो. त्याची पाठराखण करणारी आजी म्हणजे जीजी. ही भूमिका शिक्षकी पेशातून निवृत्त झालेल्या कराडच्या कमल ठोके यांनी केली. त्यांचे नोव्हेंबर २०२० मध्ये निधन झाले. मामाची मुलगी जयडी, तिची बाजू लावून धरणारी मामी, गावात वजन असलेला भैय्यासाहेब (किरण गायकवाड) आणि राहुल्या, विक्रम हे मित्र यांच्याभोवती कथा फिरते. बरेचसे कलाकार पश्चिम महाराष्ट्रातील रंगभूमीवरून आलेले, तोवर फारसे परिचित नसलेले होते. संवाद सातारी बोलीत होते. अशी बोली तोवर मालिकांत बहुधा गडीमाणसांच्या किंवा विनोदी पात्रांच्या तोंडी असे. येथे नायक-नायिका त्याच बोलीत भांडतात आणि प्रेमही करतात.

पार्श्वभूमी : सातारा जिल्ह्याची लष्करी परंपरा जुनी आहे. ‘अपशिंगे मिलिटरी’ या गावातील ४६ जवान पहिल्या महायुद्धात कामी आले; त्यांचे स्मारक गावात आहे. देशातील पहिली सैनिक शाळा १९६१ मध्ये साताऱ्यात सुरू झाली. मात्र भरतीची ओढ एकट्या साताऱ्याची नाही. कोल्हापूरच्या सैन्य भरती कार्यालयाच्या हद्दीत कोल्हापूर, सांगली, सातारा यांच्याबरोबर सोलापूर जिल्हाही येतो. त्यामुळे अक्कलकोट तालुक्यातील, कर्नाटकाच्या सीमेवरच्या दुधनीसारख्या गावातील मुलाचा अर्जही याच कार्यालयाकडे जातो.

मालिका सुरू झाली तेव्हाच्या पद्धतीनुसार उमेदवाराला आधी मैदान मारावे लागे : १,६०० मीटर धाव साडेपाच मिनिटांत पूर्ण केल्यास ६० गुण, बीमवर दहा वेळा हनुवटी वर नेल्यास ४० गुण, शिवाय नऊ फुटी खड्ड्यावरून उडी. त्यानंतर वैद्यकीय तपासणी आणि लेखी परीक्षा. पहाटे डांबरी रस्त्याने धावणारी पोरे हे पश्चिम महाराष्ट्रातील ओळखीचे दृश्य याच तयारीतून आलेले आहे. पुढे १४ जून २०२२ रोजी ‘अग्निपथ’ योजना जाहीर झाली. तीत सेवेची मुदत चार वर्षे असून एका तुकडीतील २५ टक्क्यांपर्यंत अग्निवीर कायम होतात. भरतीवेळी उमेदवार अविवाहित असणे बंधनकारक आहे.

पूर्वग्रहाचे चित्रण : ग्रामीण समाज फौजीकडे दोन नजरांनी पाहतो. झेंडावंदनाला त्याला मानाने पुढे बसवतात. पण सोयरिकीचा विषय निघाला की जिवाचा भरवसा नाही, वर्षातून एकदा सुट्टी आणि मुलीने एकटीने संसार ओढायचा, असे हिशेब पुढे येतात. मालिकेतील प्रेमकथेचा ताण या दुहेरी नजरेतून, तसेच नातेसंबंध, पैसा आणि गावातील वजन यांतून उभा राहतो. सैनिकाची वाट पाहणारी मुलगी येथे केवळ सोशिक राहत नाही; ती स्वतः निर्णय घेते आणि घरच्यांशी वाद घालते.

वास्तवातील संदर्भ : मालिका चालू असतानाच सातारा जिल्ह्यातील एक वीरपत्नी स्वतः सैन्यात दाखल झाली. पोगरवाडीचे कर्नल संतोष महाडिक १७ नोव्हेंबर २०१५ रोजी कुपवाड्यात दहशतवाद्यांशी लढताना हुतात्मा झाले. त्यांच्या पत्नी स्वाती महाडिक यांनी वयाच्या अटीत सवलत मिळवून चेन्नईच्या अकादमीत प्रशिक्षण घेतले आणि ९ सप्टेंबर २०१७ रोजी त्या लेफ्टनंट झाल्या. वीरपत्नीने उरलेले आयुष्य घरात काढायचे, ही समजूत त्यांनी कृतीतून खोटी ठरवली.

पूर्वग्रह खुद्द सैन्याच्या नियमांतही होता. १९७७ च्या एका लष्करी आदेशानुसार विवाह हे लष्करी परिचारिकेला सेवेतून काढण्याचे कारण ठरू शकत होते. तो १९९५ मध्ये मागे घेण्यात आला. त्या नियमाखाली १९८८ मध्ये बडतर्फ झालेल्या एका परिचारिका अधिकाऱ्याला ६० लाख रुपये भरपाई देण्याचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२४ मध्ये दिला. त्याआधी १७ फेब्रुवारी २०२० च्या निकालात याच न्यायालयाने स्त्री अधिकाऱ्यांना कायम कमिशनचा हक्क दिला. ग्रामीण भागातून आलेले जवान स्त्रीचे नेतृत्व मानायला मनाने तयार नाहीत, हा सरकारचा युक्तिवाद न्यायालयाने फेटाळला.

मूल्यमापन : हिंदीत ‘फौजी’ (१९८९) या दूरदर्शन मालिकेने प्रशिक्षणार्थी अधिकाऱ्यांचे जग दाखवले होते. ‘लागिरं झालं जी’ने त्या जगाची घराकडची बाजू, तीही अधिकाऱ्याची नव्हे तर साध्या जवानाची, मांडली. सैन्यातील शिस्त, हुद्द्यांची उतरंड आणि स्त्रियांविषयीचे नियम यांत ती खोलवर शिरत नाही. दैनंदिन मालिकेला लागणारी कारस्थानेही तिने टाळलेली नाहीत. तरीही फौजीचे लग्न हा केवळ देशभक्तीचा नसून घराघरातील व्यवहाराचा प्रश्न आहे, हे तिने लाखो प्रेक्षकांपुढे त्यांच्याच बोलीत मांडले. मालिकेची जागा ‘मिसेस मुख्यमंत्री’ या वाघ यांच्याच मालिकेने घेतली.