मक्ता आणि मुदत

सोलापूरच्या रस्त्याने जाणाऱ्याला दौंड तालुक्यातले कुरकुंभ जवळ आल्याची वर्दी आता फिरंगाई देवीच्या देवळाआधी औद्योगिक वसाहतीचा उग्र दर्प देतो. सिप्ला, एमक्युअर अशा औषध कंपन्यांचे कारखाने या माळावर आहेत. वसाहतीच्या सांडपाण्याने विहिरी नासल्याची गाऱ्हाणी आसपासचे शेतकरी वर्षानुवर्षे करीत आले आहेत; स्वस्त औषधाची तीही किंमत हिशेबात धरलीच पाहिजे. तिकडे शिरूरच्या, म्हणजे जुन्या माणसांच्या घोडनदीच्या, पेठेत एखादी मजूर स्त्री पदराची गाठ सोडून नोट पुढे करते आणि दुकानदार कात्रीने पाकीट कापून तिला चारच गोळ्या देतो, तेव्हा त्या चार गोळ्या तिच्या ऐपतीत बसण्यामागे अर्ध्या शतकापूर्वीचा एक पेटंट कायदा उभा आहे, हे दोघांच्याही गावी नसते.

पेशवाईच्या अमदानीत वतन पिढीजात असे, मक्ता मुदतीचा. पेटंट हा मक्ताच होय: संशोधकाने आपली विद्या उघड केल्याबद्दल सरकारने दिलेला आणि मुदत सरताच रयतेकडे परत येणारा. १९११ च्या कायद्याखाली ती मुदत अखेरीस १६ वर्षांची होती. पेटंटांचे धनी बहुतांशी परकीय असून ती या देशात राबविलीच जात नाहीत, हे न्यायमूर्ती राजगोपाल अय्यंगार यांनी १९५९ च्या अहवालात दाखवून दिले. त्या पायावर रचलेला १९७० चा कायदा २० एप्रिल १९७२ पासून अमलात आला, आणि त्याने औषधावरचा हक्क काढून केवळ ते तयार करण्याच्या कृतीवर ठेवला, तोही फार तर ७ वर्षांपुरता. निराळ्या वाटेने तेच औषध सिद्ध करणे हा हक्कभंग राहिला नाही, आणि ती वाट शोधण्यातच आपले रसायनज्ञ तयार झाले.

त्याचे फळ पुढे दिसले. एड्सवरची तीन औषधे तीन निरनिराळ्या परदेशी धन्यांची. ती एका गोळीत आणण्यास तेथे पेटंटांचा अडसर, येथे नव्हता. सिप्लाने ती एकत्र केली, आणि पाश्चात्त्य देशांत वर्षाला १० हजार डॉलरांहून अधिक पडणारा हा उपचार कंपनीचे प्रमुख युसुफ हमीद यांनी फेब्रुवारी २००१ मध्ये एका परोपकारी वैद्यकीय संस्थेला ३५० डॉलरांत देऊ केला.

संशोधकाला मोबदला मिळू नये, असे मी कदापि म्हणणार नाही. परंतु जागतिक व्यापार कराराप्रमाणे १ जानेवारी २००५ पासून औषधावरच २० वर्षांचा हक्क आला, तेव्हा जुन्याच द्रव्याला नवे रूप देऊन मक्ता लांबविण्यास मज्जाव करणारे कलम संसदेने घातले, हे फार दूरदृष्टीचे झाले. १ एप्रिल २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ग्लिव्हेक या कर्करोगावरील औषधाच्या खटल्यात ते कसोशीने लावले. त्याआधी, मार्च २०१२ मध्ये, पेटंट नियंत्रकांनी बायर कंपनीचे कर्करोगावरील औषध, ज्याचा महिन्याचा खर्च २ लाख ८० हजार रुपयांवर जात होता, ते नऊ हजारांच्या आत विकण्याचा सक्तीचा, म्हणजे धन्याच्या संमतीविना दिलेला, परवाना नॅट्को कंपनीला दिला आणि बायरला ६ टक्के स्वामित्वधन ठरवून दिले. या अधिकाराने दिलेला दुसरा परवाना त्यानंतर निघालेला नाही, याची मला मनापासून रुखरुख वाटते.