बल्कांव: पायऱ्या, खांब आणि समोरासमोरचे दोन सोपे

सासष्टीत किंवा बारदेशात जुन्या ख्रिस्ती घराच्या दारात पाहुणा एकदम पोचत नाही. आधी चार-सहा पायऱ्या चढाव्या लागतात. वर एक आटोपशीर चौथरा, त्यावर खांबांनी पेललेले उतरते कौलारू छप्पर आणि दोन्ही हातांना समोरासमोर बांधलेली दोन बाके. हा गोव्याचा बल्कांव, आणि ती बाके म्हणजे सोपे. घाटावर सोपा म्हटले की अख्खी ओसरी डोळ्यांपुढे येते. बल्कांवातला सोपो म्हणजे फक्त बांधीव बैठक. या अंगाने लहान वास्तूचे कूळ मात्र दोन खंडांत पसरलेले आहे.

गोव्याचे जुने हिंदू घर आत पाहणारे. मध्ये राजांगण, त्यात तुळस, भोवती फिरत्या ओसऱ्या आणि त्यांना लागून खोल्या. उजेड, वारा, पावसाचे पाणी, बायकांचा दिवस, सगळे त्या चौकात उतरायचे. रस्त्याकडची भिंत जाड आणि अबोल. पुढे वसरी असे, पण घराचे मन आत असे. फोंडा, पेडणे, सत्तरी हे भाग पोर्तुगीजांच्या हाती १८ व्या शतकाच्या उत्तरार्धात गेले, म्हणून तिथल्या जुन्या घरांत हा नकाशा आजही ओळखू येतो.

तिसवाडी १५१० मध्ये आणि बारदेश-सासष्टी १५४३ मध्ये पोर्तुगीजांकडे गेली. १५६० मध्ये इन्क्विझिशन हे धर्मन्यायासन आले. धर्म बदललेल्या माणसाने जुनी चालरीतही सोडावी, यावर त्या न्यायासनाची करडी नजर होती. १७३६ च्या फर्मानात तर घरात-परसात तुळस लावायलाच मनाई केली. चौकाचा देव गेला की चौकाचे महत्त्वही ओसरते. श्रीमंत ख्रिस्ती घराण्यांनी आतले अंगण ठेवले, पण त्यात फुलझाडे आली. घराचा दिमाख पुढच्या भिंतीवर गेला: मोठ्या खिडक्या, तावदानांच्या जागी शिंपल्यांचे पातळ पापुद्रे, दोन्ही बाजूंना सारखी मांडणी आणि बरोबर मधोमध प्रवेश. घराने तोंड रस्त्याकडे फिरवले.

या प्रवेशाला नाव मिळाले पोर्तुगालचे. तिकडे बैराच्या डोंगराळ मुलखातली दगडी घरे दुमजली. खाली गुरे आणि कोठार, वर माणसे. वर जायला बाहेरून दगडी जिना आणि त्याच्या माथ्यावर दारापुढचा सज्जा. हा जिना-सज्जा म्हणजे तिथला बाल्कांव. त्याच देशातल्या जुन्या वाड्यांत खिडकीजवळ, भिंतीच्या जाडीतच, समोरासमोर दोन दगडी बैठका केलेल्या असतात. त्यांना ‘कोन्व्हेर्सादैरा’ म्हणतात, गप्पांच्या जागा. आपले सोपे या बैठकांचे उघड्यावर आलेले भाऊबंद शोभतात.

गोव्यात मात्र बहुतेक घरे एकमजली, आणि खाली गुरे नाहीत. जोते उंच घ्यायचे ते ओल वर चढू नये म्हणून. त्यामुळे जिना आखूड झाला आणि त्याच्या माथ्यावरची जागा ऐसपैस. तिच्यावर छप्पर आले, कारण इथे वर्षाला ३००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि दार उघडेपर्यंत पाहुणा भिजून चिंब व्हायचा. बसायची सवय ओसरीकडून आली. नाव परके, पाया इथला, काम जुनेच: आलेल्याला घरात न घेताही घरात घेणे.

बांधकामही इथल्याच मातीचे. जांभ्याचे चिरे, शिंपले भाजून केलेला चुना, माडाचे वासे. मंगळूरला १८६५ मध्ये बासेल मिशनचा कारखाना निघाला आणि नळीच्या कौलांची जागा पुढे चापट मंगळोरी कौलांनी घेतली. सोप्यावर लाल सिमेंटची गुळगुळीत पाटी, टेकायला किंचित मागे झुकलेली पाठ, कडेला हात ठेवण्यापुरता गोलवा. हा गोलवा गवंडी हातानेच काढत असे, त्यामुळे शेजारच्या दोन घरांचे सोपेही एकसारखे नसतात. मृगाआधी पश्चिमेच्या बाजूला माडाच्या झावळ्यांचे झाप बांधायचे, म्हणजे तिरका पाऊस सोप्यावर येत नाही.

१९ व्या शतकापासून मुंबई, आफ्रिका आणि आगबोटी इथून पैसे यायला लागले, तसे लहान घरांपुढेही बल्कांव उभे राहिले. काही हिंदू घरांनीही तो उचलला. तिथे पुढ्यात तुळशीवृंदावन आणि मागे बल्कांव असा शेजार दिसतो.

तिन्हीसांजेला पदेराच्या, म्हणजे पाववाल्याच्या, सायकलचा भोंगा वाजतो, पायरीशी पाव घेतला जातो आणि त्या निमित्ताने वाड्यावरची निम्मी बातमी हातोहात पोचते. बायकांना इथे बसून रस्त्यावरच्या माणसाशी उघड बोलता येई; राजांगणाच्या घरात ही सोय नव्हती. लोटलीचे व्यंगचित्रकार मारिओ मिरांडा यांनी आपल्या गोव्याची चित्रे काढली, त्यांत हे बसणे, झुकणे, कान देणे अगदी नेमके उतरले आहे.

पण बल्कांवाला पायऱ्याही होत्या, आणि प्रत्येकाची पायरी ठरलेली होती. सोप्यावर बसे तो बरोबरीचा. भाटकाराच्या, म्हणजे जमीनदाराच्या, जमिनीवर राहणारा मुंडकार खाली उभा राहून बोले. धर्म बदलला तरी जात टिकली, तिचा हिशेब दारात कळत असे. मुंडकाराला घरातून हुसकावता येऊ नये म्हणून गोव्यात १९७५ मध्ये कायदा झाला. पायऱ्यांवरचे अंतर त्याआधी आणि त्यानंतरही माणसांनाच कमी करावे लागले.

आज गोव्यात नवा बंगला बांधणाऱ्याला बल्कांव हवाच असतो. जाड खांब येतात, वर उतरते छप्परही येते. मग रस्त्याच्या कडेने पुरुषभर उंच कुंपण उठते, सोप्यांच्या जागी कुंड्या आणि चपलांचे कपाट येते, पुढे लोखंडी जाळी बसते. नकाशात बल्कांव राहतो, वापरात उरतो तो पोर्च.

नवा करायचा किंवा जुना दुरुस्त करायचा तर मापे बसणाऱ्याच्या अंगाने घ्यावीत. सोप्याची उंची सोळा ते अठरा इंच, म्हणजे पाय टेकतात. दोन सोप्यांमध्ये किमान चार फूट, म्हणजे समोरासमोर बसलेल्यांचे गुडघे लागत नाहीत आणि मधून तिसरा आत जाऊ शकतो; याहून फार लांब नेले तर आवाज चढवावा लागतो. छप्पर पहिल्या पायरीच्या पुढे यावे. लाल कोबा उखडला असेल तर त्यावर चकचकीत टाइल बसवू नये, पावसात तिच्यावरून पाय घसरतो. कुंपण बसलेल्या माणसाच्या नजरेपेक्षा खाली ठेवावे. आणि पैसे अपुरे पडले तर खांबांची नक्षी सोडावी, कमान सोडावी, छप्पर साधे पत्र्याचे करावे. सोपे मात्र दोन्ही बांधावेत, कारण एकाच सोप्यावर बसलेला माणूस नुसता रस्ता बघत बसतो.