गुप्तरोग : घरची तपासणी चालेल, घरचे उपचार नकोत

भंडारा : गुप्तरोगाची शंका आली की अनेकांची पहिली धाव दवाखान्याकडे नसते. कुणी ओळख नसलेल्या दुकानातून गोळ्या आणतो, कुणी परगावच्या वैदूकडे जातो. आता त्यात घरबसल्या तपासणीच्या संचांची भर पडली आहे. तुमसर, साकोली, पवनीसारख्या गावांत दवाखान्याच्या बाकावर ओळखीचा चेहरा भेटण्याची धास्ती असते. त्यामुळे या गोपनीयतेचे आकर्षण स्वाभाविक आहे. मात्र तपासणी घरी करणे आणि उपचार घरी करणे या दोन भिन्न गोष्टी होत.

लक्षणे नसली तरी आजार

शेजारच्या गडचिरोली जिल्ह्यात डॉ. राणी बंग व डॉ. अभय बंग यांनी दोन गावांतील ६५० स्त्रियांची तपासणी केली. १९८९ मध्ये ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात तिचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. ९२ टक्के स्त्रियांना एक वा अधिक स्त्रीरोग अथवा लैंगिक आजार आढळले. त्यापूर्वी तपासणी व उपचार झालेल्या स्त्रिया अवघ्या ८ टक्के होत्या. विशेष म्हणजे ४५ टक्के स्त्रियांची कोणतीही तक्रार नव्हती. तक्रार नाही म्हणजे आजार नाही, हा समज या अभ्यासाने खोटा ठरवला.

क्लॅमिडिया, परमा, उपदंश व ट्रायकोमोनियासिस हे चारही आजार औषधाने बरे होतात. तरीही जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२० मध्ये १५ ते ४९ वयोगटात त्यांचे ३७ कोटी ४० लाख नवे संसर्ग झाले. दुर्लक्षित संसर्गातून वंध्यत्व येऊ शकते. गर्भवतीचा उपदंश बाळाच्या जिवावर बेतू शकतो.

घरी काय तपासता येते?

बोटाच्या रक्तावर वा तोंडातील द्रवावर एचआयव्हीची स्वयंचाचणी करता येते. जागतिक आरोग्य संघटनेने २०१६ मध्ये तिची शिफारस केली. क्लॅमिडिया व परम्यासाठी लघवीचा पहिला भाग किंवा स्त्रीने स्वतः घेतलेला योनीस्राव प्रयोगशाळेत पाठवता येतो.

मर्यादा मात्र ध्यानात घ्याव्यात. संसर्गानंतर लगेच केलेली चाचणी फसवी ठरू शकते. एचआयव्हीच्या स्वयंचाचणीचा निष्कर्ष निर्दोष आला, तरी संबंधानंतर तीन महिने उलटल्यावर ती पुन्हा करावी. दोष आढळल्यास तो अंतिम निदान मानू नये; केंद्रात खात्रीची तपासणी आवश्यक असते. उपदंशाच्या झटपट चाचणीत आजार बरा झाल्यावरही दोष दिसू शकतो.

घरचे उपचार का नकोत?

प्रत्येक संसर्गाचे औषध व मात्रा निराळी असते. उपदंशावर पेनिसिलीनचे इंजेक्शन द्यावे लागते आणि त्याच्या तीव्र अॅलर्जीचा धोका असल्याने ते दवाखान्यातच घ्यावे लागते. अर्धवट गोळ्यांनी लक्षणे दबतात, जंतू मात्र राहतो. परम्याचे जंतू तर अनेक प्रतिजैविकांना दाद देईनासे झाले आहेत. सेफिक्झिमसारखी औषधे मार्च २०१४ पासून ‘एच-१’ अनुसूचीत आहेत. त्यांच्या विक्रीसाठी डॉक्टरांची चिठ्ठी व दुकानात नोंद बंधनकारक आहे.

मोफत सोय

राष्ट्रीय एड्स नियंत्रण कार्यक्रमांतर्गत शासकीय रुग्णालयांत ‘सुरक्षा क्लिनिक’ चालतात. तेथे लक्षणांनुसार सात रंगांच्या संचांतून औषधे दिली जातात. उदाहरणार्थ, मूत्रमार्गातून स्राव होत असल्यास राखाडी, तर स्त्रियांच्या ओटीपोटातील दुखण्यासाठी पिवळा संच. एचआयव्हीसाठी एकात्मिक समुपदेशन व चाचणी केंद्रे आहेत. एचआयव्ही-एड्स कायदा, २०१७ हा सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. त्यानुसार संमतीविना एचआयव्ही चाचणी करता येत नाही आणि रुग्णाची माहिती उघड करता येत नाही. १०९७ या मोफत क्रमांकावर नाव न सांगताही सल्ला मिळतो.

हे लक्षात ठेवा

* जोडीदाराचेही उपचार एकाच वेळी करावेत. अन्यथा आजार परत येतो.
* उपचार पूर्ण होईपर्यंत व डॉक्टर सांगतील तोवर शरीरसंबंध टाळावा.
* जखम, स्राव, ओटीपोटात दुखणे किंवा ताप असल्यास घरच्या चाचणीत वेळ दवडू नये.
* गर्भवतींनी एचआयव्ही व उपदंशाची तपासणी अवश्य करून घ्यावी.